आजपासून पुढे

तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा चोराने कुणा भलत्याच बाईच्या गळ्यातली साखळी ओढली, आणि त्यापायी तिचा नवरा तुरुंगात होता. असं ती कुणाला सांगायला गेली की समोरचा आधी तिच्याकडे बघायचा, मग तिच्या कडेवरच्या पोरीकडे, आणि मग सावकाश विषय बदलायचा. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसायचं.

पण होतं ते असंच होतं. चष्म्याच्या दुकानावरच्या त्या अरुंद खोलीत वकीलबाईंनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा तिलाही ते पटलं नव्हतं. वकीलबाईंचे गुडघे गेलेले. खुर्चीत दोन उशा घालून बसायच्या आणि बोलताना एक पाय स्टुलावर टाकायच्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या होत्या, "त्या चोराला पोलिसांनी रात्रभर बसवून ठेवलं. वकील नाही, घरचं कुणी नाही. सकाळी त्याने कबुलीजबाबावर सही केली. प्रकरण पार सगळ्यात वरच्या कोर्टात गेलं. तिथे तिघा न्यायाधीशांनी सांगितलं, मारहाणीचा पुरावा नाही ना, मग ही सही धरायची. झालं. तो चोर शिक्षा भोगून बाहेर आला असेल, म्हातारा झाला असेल, मेलाही असेल. पण ते एक वाक्य काही मेलं नाही. तेव्हापासून कुणालाही रात्रभर बसवा, वकील देऊ नका, फक्त अंगावर वळ उठू देऊ नका. चालतं."

"आणि ते कुणी बदलत नाही?"

"तिघांनी ठरवलेलं बदलायला पाचांचं पीठ बसावं लागतं. खालचे सगळे नुसती मान हलवतात."

हे घरी येऊन सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिघांचं पीठ, पाचांचं पीठ. न्याय देतायत का दळण?" त्या वेळी दोघी हसल्या होत्या. त्या वेळी हसू यायचं अजून.

तिचा नवरा लिफ्ट मेकॅनिक. ठरलेल्या इमारतींच्या लिफ्टा दर महिन्याला तपासायच्या, तेलपाणी करायचं, कार्डावर सही करायची, हे त्याचं काम. त्यातल्या एका इमारतीत लिफ्ट वरून सुटली ती थेट तळाला. आत एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांची शेजारीण. दोघी गेल्या. त्याला पोलिसांनी कामावरूनच उचलून नेलं, तेव्हा ती प्रसूतिगृहात होती आणि मुलगी दोन दिवसांची होती. पहाटेपर्यंत तो नाही-नाहीच म्हणत होता. मग तिथल्या साहेबाने आवाज मऊ केला. "अरे, बाप झालायस ना? सही कर आणि पोरीचं तोंड बघायला जा. काय सांगायचं ते कोर्टात सांग." त्याने सही केली. ब्रेक न तपासताच कार्डावर सही केली, असं त्यात लिहिलेलं होतं. त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावा म्हणाल तर काही नव्हता. पोरीचं तोंड त्याने पाहिलं ते दीड महिन्याने, तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत, जाळीतून. कपड्यात गुंडाळलेलं ते काळंसं, वळवळणारं पाहून म्हणाला, "ही तर मुंगी आहे गं." तेव्हापासून ती मुंगीच.

एकदाच तिने त्याला विचारलं होतं. "खरं सांग, तपासला होतास?"

"दर महिन्याला तपासतो. त्या दिवशीही तपासला असणार," तो म्हणाला. "तुझे दिवस भरलेले. माझं अर्धं लक्ष फोनकडे."

त्या 'असणार'ला तिने पुढे कधी हात लावला नाही. पण तो शब्द तिच्यासोबत राहायला आला तो आलाच. त्या दोघींपैकी शिक्षिकेचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. जाड भिंगांचा चष्मा, ओठ मिटलेले. मुंगीला झोपवताना तो चेहरा समोर यायचा आणि ती मुंगीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघायची. गॅसचं बटण दोनदा बघायची. लिफ्टमध्ये तर ती पाऊलच टाकत नसे, कितीही मजले असोत. हिच्या ब्रेकवर कुणाची सही आहे आणि ती करताना त्याचं लक्ष कुठे होतं, कुणी सांगावं?

खालच्या कोर्टात खटला सुरू झाला तेव्हा वकीलबाईंनी एक सल्ला दिला होता. "तारखा घेत राहू. वरचं वारं बदलायला लागलंय. तो जुना निकाल फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही. तोवर खटला रेंगाळला तर बरं."

नवऱ्याने ऐकलं नाही. "माझी पोरगी चालायला लागायच्या आत संपवा काय ते. मी काही केलेलं नाही, मग मी कशाला पळवाटा शोधू?"

तिलाही ते पटलं होतं. सरळ माणसाने सरळ जावं. त्याच्या बराकीत एक व्यापारी होता. विम्यासाठी स्वतःचं गोदाम पेटवलं आणि आतला पहारेकरी होरपळून गेला, असा त्याच्यावर आरोप. त्याचीही अशीच रातोरात घेतलेली सही. पण गडी महा वस्ताद. कधी त्याच्या वकिलाची कंबर धरायची, कधी साक्षीदार लग्नाला जायचा, कधी त्याच्या स्वतःच्याच पोटात कळा यायच्या. वर्षं लोटली तरी खटला होता तिथेच. सगळे त्याला तारीखवाला म्हणायचे. भेटीच्या रांगेत त्याची बायको हमखास तिच्या पुढेमागे असायची, आणि आपल्या नवऱ्याची स्वतःच टिंगल करायची. "आमच्यांचं लग्नही तीन तारखा घेऊन झालं, ताई. आता सवय मोडते होय?"

नवऱ्याचा खटला मात्र झटपट उरकला. सहीवर सगळं ठरलं. दहा वर्षं.

अपिलात वरच्या न्यायाधीशांनी वकीलबाईंचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कृश माणूस, सारखा खोकायचा. शेवटी म्हणाले, "व्यक्तिशः मला तो जुना निकाल पटत नाही. पण माझे हात बांधलेले आहेत." तिने मागच्या बाकावरून त्या हातांकडे पाहिलं. ते हात पानं उलटत होते, पेनाचं टोपण काढत होते, पाण्याचा पेला उचलत होते. बांधलेले हात ती दर महिन्याला जाळीपलीकडे बघत होती. ते असे दिसत नाहीत.

आणि मग पाचांचं पीठ बसलं. देशभरातून असे कितीतरी अर्ज आले होते. त्यातलं मुख्य प्रकरण म्हणून निवडलं गेलं ते तिच्या नवऱ्याचं. वकीलबाई त्या दिवशी फोनवर लहान मुलीसारख्या बोलत होत्या. "अगं, त्याच्या प्रकरणावर राज्यघटनेचा अर्थ लागणार आहे! रात्री वकिलाशिवाय घेतलेली सही म्हणजे स्वतःविरुद्ध बोलायला लावणंच की नाही, हे पाच जण ठरवणार. वकिलांची आयुष्यं जातात, असा खटला हाती लागत नाही."

"सुटेल ना तो?" तिने विचारलं.

"मुद्दा जिंकला की दुसरं काय राहतं?" वकीलबाई म्हणाल्या. चूक झाली ती इथे. दोघींचीही.

निकालाच्या दिवशी तिने लॅबमधून सुट्टी घेतली. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ती रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर बसायची. लोक पाकीट फाडतात, एक आकडा बघतात आणि रडायला नाहीतर हसायला लागतात. ती रोज तेच सांगायची, "आधी खालपर्यंत वाचा हो. खाली शेरा असतो." इतक्यांदा सांगून झालं होतं की ते झोपेतही बोलली असती.

कोर्टात मोबाइल न्यायला बंदी. खालीच खिडकीवर जमा करून बिल्ला घ्यायचा. वकीलबाई लिफ्टने वर गेल्या, ती जिन्याने. दालन गच्च भरलेलं. वकीलबाईंच्या पुढ्यात जुन्या निकालांची चळत, आणि पानापानांतून डोकावणाऱ्या पिवळ्या, हिरव्या, गुलाबी चिठ्ठ्या. बाजूचा निकाल हिरवा, विरुद्धचा गुलाबी, त्या चोराचा पिवळा. मधल्या न्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली. सुरुवातीची भाषा तिच्या डोक्यावरून गेली. मग एकदम सोपं बोलणं आलं. "माणसाला रात्रभर एकटं ठेवून, सल्लागाराची सावलीही न पडू देता घेतलेली सही ही त्याची सही नव्हे." त्यांनी पान उलटलं. "सबब, तीस वर्षांपूर्वीचा तो निकाल आम्ही चुकीचा ठरवतो."

दालनात एक मोठा उसासा उमटला. कुणीतरी वकीलबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. ती उठली. घरी सासूबाई सकाळपासून अन्नाला न शिवता फोन घेऊन बसल्या होत्या. पाय जमिनीला लागत होते की नाही कोण जाणे, ती जिना उतरली, बिल्ला दिला, फोन घेतला. घाईत दोनदा भलताच नंबर लागला.

"आई, जिंकलो! तो चुकीचा होता, तो जुना निकाल! येतोय तो!"

पलीकडे सासूबाई काहीतरी बोलल्या, त्यात शब्द नव्हते. मग मुंगीने फोन ओढून घेतला.

"आई, बाबा येणार?"

"हो गं सोन्या, येणार."

"जाळीशिवाय?"

"जाळीशिवाय."

ती पुन्हा जिना चढून वर आली, तेव्हा दालनातून लोक बाहेर पडत होते. पत्रकार घाईघाईने खाली पळत होते. "ऐतिहासिक, ऐतिहासिक," एकजण फोनशिवायच बोलण्याची तालीम करत होता. वकीलबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पाय लांब केलेले, गुलाबी चिठ्ठी बोटांत चुरगळत.

"कुठे गेली होतीस?"

"फोन करायला. आईंना सांगितलं. मुंगीलापण."

वकीलबाई जरा सरकल्या. बाकावर हात आपटून बस म्हणाल्या.

"काय झालं?"

"मुद्दा जिंकलो. शंभर टक्के जिंकलो. पण शेवटचा परिच्छेद..." त्यांनी चुरगळलेली चिठ्ठी सरळ केली. "नवा नियम आजपासून पुढे. जे खटले अजून चालू आहेत त्यांना लागू, उद्या येतील त्यांना लागू. ज्यांची शिक्षा आधीच ठरली आहे त्यांना नाही."

"पण हा आमचाच खटला होता ना?"

"हो."

"आमच्याच खटल्यात ठरलं, आणि आम्हालाच नाही?"

"वाक्य आहे तसं. 'अर्जदारही याला अपवाद नाही. त्या दिवशी पोलीस त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणेच वागले.'" वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "घाबरतात गं ते. मागचं सगळं उकरलं तर निम्मे तुरुंग रिकामे करावे लागतील. म्हणून चूक कबूल करायची, पण तिचा हिशेब उद्यापासून लावायचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"असं होऊ शकतं हे माहीत होतं. आपल्या बाबतीत होईल असं धरलं नाही. मुद्द्याच्या नादात राहिले."

तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण सगळ्या बाजूंनी वकील येऊन त्यांचं अभिनंदन करत होते. त्या प्रत्येकाला थँक्यू म्हणत होत्या.

घराचं दार सताड उघडं होतं. शेजारीण येऊन चहा पीत बसलेली. दाराच्या खिळ्याला नवऱ्याचा निळा शर्ट, कडक इस्त्री केलेला. मुंगीने दारासमोर खुर्ची आणून ठेवली होती आणि ती स्वतः तिच्यापाशी जमिनीवर बसली होती. बाबांची खुर्ची आहे, कुणी बसायचं नाही म्हणून.

तिने सांगितलं. शेजारणीने कप खाली ठेवला आणि पावलांचा आवाज न करता निघून गेली. सासूबाईंचा बांध फुटला.

"शेवटपर्यंत ऐकायचं तरी! एवढी शिकलेली तू! शेवटपर्यंत ऐकायचं नाही का गं?"

"आई..."

"मी देवाला सांगून बसले, येतोय म्हणून! पोरीला काय सांगू आता? शेवटपर्यंत ऐकायचं तरी!"

मुंगी एकदा आजीकडे, एकदा आईकडे बघत होती. मग ती उठली आणि खुर्ची ओढत, फरफटत, जागेवर नेऊन ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं.

भेटीच्या दिवशी ती मुंगीला घेऊन गेली नाही. जाळीपलीकडे नवरा आला तो हसतच. दाढी केलेली, केस पाण्याने चापून बसवलेले.

"टीव्हीवर दाखवलं," तो म्हणाला. "अख्खी बराक नाचली गं. मला खांद्यावर घेतलं. लिफ्टवाला, लिफ्टवाला करत होते. सामान बांधून बसलोय. कागद यायला किती दिवस..." आणि तो थांबला. ती काहीच बोलली नव्हती. पण तो तिला इतकी वर्षं ह्या जाळीतून वाचत आला होता.

तिने सगळं सांगितलं. शेवटच्या परिच्छेदासकट.

तो जाळीच्या एका चौकोनात बोट फिरवत राहिला.

"म्हणजे ती सही माझी नव्हती, हे त्यांना मान्य आहे."

"हो."

"पण ती माझी नव्हती ते आजपासून."

तिने हातातली पिशवी उगाच नीट केली.

"लवकर संपवा म्हणून मीच मागे लागलो होतो," तो म्हणाला. "आठवतं? ही चालायला लागायच्या आत."

शेजारच्या खिडकीवर एकाएकी गलका उठला. तारीखवाल्याची बायको हुंदके देत हसत होती. त्याच्या वकिलाने अर्ज टाकला होता, नव्या निकालावर बोट ठेवून. सही बाद झाली तर खटल्यात उरतंय काय? महिन्याभरात बाहेर. तारीखवाला जाळीवर दोन्ही पंजे टेकवून इकडे ओरडला, "लिफ्टवाले, तुमचे उपकार ह्या जन्मात फिटायचे नाहीत बघा!" आणि त्याच्या बायकोने येऊन तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "तुमच्या मिस्टरांमुळे, ताई. तुमच्यांची सुटका कधी?"

"बघू," ती म्हणाली.

"होईल, होईल. तुमचं तर आधी होणार. तुमच्याच नावाचा निकाल आहे."

वकीलबाईंनी फेरविचाराचा अर्ज केला. तो देताना ती सोबत गेली होती, आणि कागदांवर शिक्के पडेपर्यंत शेजारच्या इमारतीतल्या एका लहान कोर्टाच्या दारात उभी राहिली. आत नुकती सनद मिळालेला वाटावा असा वकील बोलत होता. "लिफ्टवाला खटल्यावर माझी भिस्त आहे, साहेब." न्यायाधीशांनी नुसतं ठीक म्हटलं. पुस्तकही मागवलं नाही, इतका तो निकाल सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. पिंजऱ्यातल्या मिसरूड फुटलेल्या पोराला काय झालं तेच कळलं नाही. त्याची आई मागून ओरडली, "अरे सुटलास!" त्या बाईच्या गळ्यात पडून रडावं की तिचा गळा धरावा, हे तिला उमजेना. ती जिन्याने खाली आली.

कधी तिला वाटायचं, आणखी तीस वर्षांनी कुठल्यातरी खोलीत कुणी वकील कुणा बाईला सांगत असेल, फार पूर्वी एक लिफ्टवाला होता. आणि ती बाई विचारेल, मग तो सुटला का? वकिलाला ते माहीत नसेल. निकालात तेवढं वाचायची कुणाला गरज पडत नाही.

मुंगी शाळेत जायला लागली. पोर गुणी होती, त्रास म्हणून द्यायची नाही. फक्त एक नवीनच सुरू झालं होतं. उद्या शाळेला सुट्टी आहे गं, असं म्हटलं की ती डोळे बारीक करून विचारायची, "शेवटपर्यंत ऐकलंस?" डॉक्टर म्हणाले इंजेक्शन नाही द्यायचं. "शेवटपर्यंत ऐकलंस ना?" सासूबाईंनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी त्या निकालाबद्दल तोंडातून ब्र काढला नाही. शर्टही कुणी काढला नाही. इस्त्रीची घडी दंडावर तशीच होती, खांद्यावर मात्र धूळ बसली होती.

फेरविचाराचा निकाल फोनवरच कळला. ती भाजी चिरत होती, मुंगी समोर चित्र रंगवत होती. न्यायाधीशांनी अर्ज आपल्या खोलीतच वाचला होता. वकिलांना बोलावलं नव्हतं, कुणाला काही विचारलं नव्हतं.

"एकच ओळ आहे," वकीलबाई म्हणाल्या. "'फेरविचाराचं कारण दिसत नाही.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"कुठे अर्ज, कुठे काही..."

"नाही गं. ह्याच्या वर कोर्ट नाही."

वकीलबाई आणखी थोडं बोलल्या. चांगल्या वागणुकीची सूट मिळते, त्याबद्दल. मग त्यांचे शब्द संपले, मग नुसता श्वास ऐकू आला, आणि मग त्यांनी फोन ठेवला. तिने तो कानाला तसाच धरून ठेवला. त्यात आता काहीच नव्हतं, तरी ती ऐकत राहिली.

मुंगीने रंगाची कांडी खाली ठेवली.

"बाबांचं होतं?"

"हो."

"शेवटपर्यंत ऐकलंस?"

"हो," ती म्हणाली. "ह्या वेळी शेवटपर्यंत ऐकलं."

मुंगीने मान डोलावली आणि पुन्हा कांडी उचलली.